२.८ इंची पडद्यावर अँड्रॉइड बसवताना

तुमचा प्रश्न वाचला. निपाणीजवळच्या गावातल्या डेअरीसाठी दूध संकलनाचं हातात मावणारं यंत्र करताय. पडदा २.८ इंची, २४० बाय ३२० पिक्सेलचा, आत अँड्रॉइड चालवणारा छोटा बोर्ड. अँड्रॉइड सुरू होतं, पण खालची बटणं पडद्याबाहेर जातात, मराठी अक्षरांच्या वेलांट्या नि उकार कापले जातात, आणि कीबोर्ड वर आला की ज्या रकान्यात लिहायचं तो रकानाच दिसेनासा होतो. ‘सगळं अँड्रॉइड प्रमाणात लहान करायची एखादी सेटिंग आहे का?’ असं तुम्ही विचारलंय.

सेटिंग आहे, खाली सांगतो. पण तेवढ्यावर तुमचं काम भागणार नाही. मी बेळगावात उद्यमबागेत अशीच छोटी यंत्रं बनवतो, वजनकाट्याला जोडायची, गोदामात माल मोजायची. त्यावरून माझं मत असं झालंय की लहान पडद्यावर सगळं बारीक करत बसलात तर शेवटी कुणालाच काही वाचता येत नाही. काय काढून टाकायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि उरलेलं उलट मोठं करावं लागतं.

म्हणून पहिला प्रश्न मीच तुम्हाला विचारतो. हे यंत्र म्हणजे छोटा फोन आहे, की एकच काम करणारं यंत्र? छोटा फोन असेल तर लोकांनी लिहिलेली तयार अ‍ॅप्स त्यावर चालली पाहिजेत, आणि त्या अ‍ॅप्सनी जी किमान रुंदी गृहीत धरलीय ती तुम्हाला द्यावीच लागते. एकच काम असेल तर पडदा पूर्ण तुमचा. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार दिसतो, म्हणून पुढचं बरंचसं त्याला धरूनच लिहितोय.

त्याआधी बोर्डबद्दल एक गोष्ट तपासून घ्या. बाजारात २.८ इंची, २४० बाय ३२० चे जे स्वस्त पडदे मिळतात, त्यातल्या पुष्कळांवर आयएलआय ९३४१ नावाची चिप असते आणि ते एसपीआयच्या, म्हणजे बिट एकामागून एक पाठवणाऱ्या साध्या जोडणीच्या, चार-पाच तारांवर चालतात. एका पिक्सेलच्या रंगाला १६ बिट धरले तर एका चित्राला २४० गुणिले ३२० गुणिले १६, म्हणजे १२,२८,८०० बिट लागतात. एसपीआय ३२ मेगाहर्ट्झवर चालवलं तर नुसतं एक चित्र पाठवायला ३८ मिलिसेकंद जातात. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी सेकंदाला पंचविसेक चित्रं. यादी वरखाली सरकवली की पडदा अडखळतो तो यामुळे, त्यात अँड्रॉइडचा दोष नसतो. तुमचा पडदा एसपीआयवर असेल तर यादी सरकवण्याऐवजी पानं पलटा, हलती चित्रं पूर्ण बंद करा. डेव्हलपर पर्यायांत अ‍ॅनिमेशनची तिन्ही मापं शून्य करता येतात. पडदा आरजीबी किंवा मिपी या वेगवान जोडणीचा असेल तर ही चिंता नाही.

काही जण म्हणतील, एवढ्याशा पडद्याला अँड्रॉइड हवंच कशाला? साध्या मायक्रोकंट्रोलर चिपवर पडदा रंगवणारी एलव्हीजीएलसारखी लायब्ररी घ्या, काम संपलं. आकडे आणि इंग्रजीपुरतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण आपल्याकडच्या डेअरीच्या यादीत शेकडो माणसांची नावं असतात, काही मराठीत, काही कन्नडमध्ये. एलव्हीजीएल नुसती अक्षरं एकापुढे एक मांडतं, जोडाक्षर करायची अक्कल त्याला नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, पाय मोडलेलं अक्षर तसंच पाय मोडून उभं राहतं. ठरलेले पाच-दहा शब्द असते तर त्यांची चित्रं करून ठेवता आली असती. नावांचं तसं करता येत नाही, रोज नवीन उत्पादक येतो. अँड्रॉइडमध्ये हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं इंजिन आतच असतं, मराठी आणि कन्नड दोन्ही नीट जोडतं. तुमच्या यंत्रात अँड्रॉइड असण्याचं माझ्या दृष्टीने हेच सबळ कारण आहे. लिनक्सवर क्यूटी ही पडदे बनवायची लायब्ररी वापरूनही ते साधतं, पण तुम्ही अँड्रॉइड उभं केलंच आहे तर आता ते सोडू नका.

आता आकडेमोड. ती एकदा नीट समजली की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

२४० बाय ३२० चा कर्ण बरोबर ४०० पिक्सेलचा. भागिले २.८ म्हणजे इंचाला १४३ पिक्सेल. पडदा प्रत्यक्षात ४३ मिलिमीटर रुंद आणि ५७ मिलिमीटर उंच. अँड्रॉइड मापं पिक्सेलमध्ये न मोजता डीपी नावाच्या एककात मोजतं, आणि ते घनतेवर, म्हणजे इंचाला किती पिक्सेल यावर ठरतं. घनता १६० सांगितली तर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल, १२० सांगितली तर एक डीपी म्हणजे पाऊण पिक्सेल. ही घनता तुम्ही सांगाल ती. पडद्याची खरी घनता काय आहे हे अँड्रॉइड स्वतः तपासायला जात नाही.

तुमच्या बोर्डवर बहुधा १६० असणार. मग अँड्रॉइडच्या हिशेबी पडदा २४० डीपी रुंद झाला. फोनची बहुतेक अ‍ॅप्स निदान ३२० डीपी रुंदी धरून लिहिलेली असतात, म्हणून बटणं बाहेर जातात. उंचीचा हिशेब आणखी वाईट. वरची स्टेटस पट्टी २४ डीपी, खालची बॅक-होमची पट्टी ४८, अ‍ॅपच्या नावाची पट्टी ५६. ३२० पैकी १२८ पट्ट्यांतच गेले, उरले १९२. त्यावर कीबोर्ड चढला की रकाना दिसणार कुठून?

तुम्ही विचारलेली सेटिंग ती हीच. एडीबी शेलमध्ये, म्हणजे संगणकावरून यंत्राला आज्ञा देण्याच्या सोयीत, डब्ल्यूएम डेन्सिटी लिहून पुढे १२० द्या. पडदा लगेच ३२० बाय ४२७ डीपीचा होतो, बटणं आत येतात. नको वाटलं तर रीसेट लिहिलं की पूर्ववत. कायमचं करायचं तर बिल्ड प्रॉप या सिस्टिमच्या सेटिंग फाइलमधली एलसीडी डेन्सिटीची ओळ बदलायची. बटणं दिसायला लागली म्हणून आनंद होतो खरा, पण मोजून बघा. ४८ डीपीचं बटण आता ३६ पिक्सेलचं झालं, म्हणजे साडेसहा मिलिमीटरही नाही. वैरण कापणाऱ्या, धारा काढणाऱ्या माणसाचा अंगठा त्याहून कितीतरी रुंद असतो. आणि १४ मापाचा मजकूर साडेदहा पिक्सेलवर येतो. इंग्रजी साडेदहा पिक्सेलमध्ये कसंबसं वाचता येतं. मराठी येत नाही, त्याबद्दल खाली.

आणखी एक वाट लोक काढतात ती सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही तिकडे जाणार नाही. डब्ल्यूएम साइझ वापरून अँड्रॉइडला पडदा ४८० बाय ६४० चा आहे असं सांगायचं. सगळं मावतं, कारण मोठं चित्र काढून ते दाबून निम्मं केलं जातं. पण दाबताना बारीक रेघा विरघळतात. शिरोरेघ राखाडी होते, अनुस्वार नाहीसा होतो. ‘गंगा’ आणि ‘गगा’ सारखेच दिसू लागतात. आकड्यांतलं दशांशचिन्हसुद्धा असंच गायब होतं, आणि दुधाच्या धंद्यात त्या टिंबावर पैसे अवलंबून असतात.

हा प्रश्न तुमच्या आधीही लोकांना पडलाय. अँड्रॉइडला वेगवेगळ्या मापांचे पडदे नीट कळायला लागले ते २००९ च्या १.६ आवृत्तीपासून. त्याच आवृत्तीवर २०१० मध्ये सोनी एरिक्सनचा एक्सपीरिया एक्स १० मिनी आला, पडदा अवघा २.५५ इंची आणि पिक्सेल तुमच्याइतकेच, २४० बाय ३२०. त्यांनी होम स्क्रीन आक्रसून बसवली नाही. ती फेकून दिली आणि चार कोपऱ्यांत चार चिन्हं ठेवली. कोपरा निवडण्यामागे शहाणपण आहे, कारण चारही कोपरे एका हाताच्या अंगठ्यानेही सहज गाठता येतात. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे २०१७ चा जिओफोन. २.४ इंची पडदा, पिक्सेल तेच, स्पर्श नाहीच. त्यातली कायओएस ही प्रणाली फायरफॉक्स ओएसवरून बेतलेली. खाली तीन शब्द, त्यांच्या खाली तीन खरी बटणं, आणि मधे एका वेळी एकच यादी. दोघांनीही पडद्यावरच्या गोष्टी कमी केल्या आणि राहिल्या त्या मोठ्या ठेवल्या.

आता तुमच्या यंत्रावर काय काढायचं ते बघू.

खालची बॅक-होमची पट्टी सगळ्यात आधी काढा. अँड्रॉइडचा सोर्स तुमच्या हातात असेल तर ओव्हरलेमध्ये, म्हणजे मूळ सेटिंगांवर चढवायच्या तुमच्या फाइलमध्ये, नॅव्हिगेशन बार दाखवण्याची नोंद ‘फॉल्स’ करायची. सोर्स नसेल, नुसती तयार इमेज असेल, तर बिल्ड प्रॉपमध्ये मेनकीजची ओळ १ करून पाहा, बऱ्याच बोर्डांवर चालतं. तिची जागा खऱ्या बटणांनी भरायची. बोर्डवर जीपीआयओच्या, म्हणजे बटण वगैरे जोडायच्या, मोकळ्या पिना असतातच. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डला काय काय जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, बटणं जोडली आणि की-लेआउटच्या फाइलमध्ये कुठलं बटण म्हणजे बॅक, कुठलं म्हणजे ओके हे लिहिलं की झालं. ४८ पिक्सेल परत मिळाले.

वरची स्टेटस पट्टी पूर्ण पडद्याच्या इमर्सिव्ह पद्धतीने लपवा. अँड्रॉइड ४.४ पासून ती सोय आहे. मात्र बॅटरी किती उरलीय हे दिसलंच पाहिजे, ते तुमच्या स्वतःच्या पडद्यावर कोपऱ्यात दाखवा. सकाळच्या पाळीत अर्धी रांग झाल्यावर यंत्र बंद पडलं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. अ‍ॅपच्या नावाची पट्टी तर हवीच कशाला? या यंत्रावर दुसरं अ‍ॅप नाहीच.

होम स्क्रीनही नको. तुमचंच अ‍ॅप होम म्हणून नोंदवा आणि लॉक टास्क लावा, म्हणजे त्यातून बाहेर पडता येत नाही. ही सोय अँड्रॉइड ५ पासून आहे. त्यासाठी अ‍ॅपला डिव्हाइस ओनर, म्हणजे यंत्राचं मालक, करावं लागतं, एडीबीवरून एका ओळीत होतं, फक्त यंत्रावर कुठलंही गूगल खातं जोडायच्या आधी करा, नंतर ते नाकारलं जातं. याचा दुसरा फायदा असा की परवानग्या विचारणाऱ्या चौकटी बंद होतात. ‘या अ‍ॅपला ब्लूटूथ वापरू द्यायचं का’ असली चौकट या पडद्यावर आली की कधीकधी तिचं होकाराचं बटणच दिसत नाही, आणि डेअरीचा सेक्रेटरी मग यंत्र घेऊन तुमच्या दारात. डिव्हाइस ओनर अ‍ॅप जवळजवळ सगळ्या परवानग्या स्वतःच देऊन टाकू शकतं.

एवढं काढल्यावर तुमच्या अ‍ॅपला पूर्ण २४० बाय ३२० मिळतात. मग घनता १६० च ठेवा, १२० च्या नादी लागू नका. एक डीपी बरोबर एक पिक्सेल झाल्यामुळे रेघा स्वच्छ उमटतात आणि तुमचा हिशेबही सोपा होतो. सिस्टिमच्या एखाद्या पडद्यासाठी, म्हणजे वायफाय जोडणं वगैरे, १२० हवंच असेल तर यंत्राची घनता १२० ठेवून फक्त तुमच्या अ‍ॅपच्या कॉन्फिगरेशनमध्ये १६० करता येते. ज्यांच्याकडे दोन्ही गरजा आहेत त्यांना मी हे सुचवतो. तुमच्याकडे वायफाय एकदाच जोडायचं असेल तर एवढी खटपट नको.

एक खोच लक्षात ठेवा. बाहेरची एखादी लायब्ररी वापरत असाल आणि तिने एखादं माप फक्त ३२० डीपी आणि त्याहून रुंद पडद्यांसाठीच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असेल, तर २४० डीपीच्या पडद्यावर ते सापडतच नाही आणि अ‍ॅप कोसळतं. संगणकावरच्या इम्युलेटरवर सगळं व्यवस्थित चालतं, यंत्रावर उघडता क्षणी बंद. असं झालं तर तेच माप नुसत्या मूळ फोल्डरमध्ये ठेवून द्या.

आता मराठी. वेलांट्या कापल्या जातात त्याची कारणं दोन, आणि दोन्ही वेगवेगळी हाताळावी लागतात.

पहिलं कारण ओळीची उंची. अँड्रॉइडचा मुख्य फॉन्ट रोबोटो, त्यात देवनागरी नाही. देवनागरी अक्षर आलं की ते नोटो सान्स देवनागरीतून उसनं घेतलं जातं. अँड्रॉइड ९ च्या आधी ओळीची उंची ठरायची ती मुख्य फॉन्टवरून, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या मापाने. मग ‘र्की’सारख्या अक्षराचा वरचा रफार नि वेलांटी, किंवा ‘द्धू’चा खालचा उकार, ओळीबाहेर गेला की गेला. ९ पासून उसन्या फॉन्टची उंचीही धरली जाते, पण तुमचं अ‍ॅप २८ (म्हणजे अँड्रॉइड ९ चा) किंवा पुढच्या एपीआय क्रमांकासाठी बांधलेलं असेल तरच ती आपोआप लागू होते. स्वस्त बोर्डांवर अजून जुनी अँड्रॉइड येते, तेव्हा आवृत्ती आधी बघा. शिवाय जागा वाचवण्यासाठी अँड्रॉइड देवनागरीचं थोडं दाबलेलं रूप वापरत आलंय. एलिगंट टेक्स्ट हाइट हा गुण चालू केला की अक्षरं पूर्ण उंचीची येतात. अँड्रॉइड १५ साठी बांधलेल्या अ‍ॅपमध्ये तो आपोआप चालू असतो, त्याआधी स्वतः चालू करावा लागतो. आणि दोन गोष्टी करू नका: मजकुराच्या चौकटीला ठरावीक उंची देऊ नका, आणि चार पिक्सेल वाचतात म्हणून फॉन्ट पॅडिंग, म्हणजे अक्षरांच्या वर-खाली राखलेली जागा, बंद करू नका. ते चार पिक्सेल वेलांटीचे असतात.

दुसरं कारण म्हणजे अक्षराला लागणारे पिक्सेलच कमी पडणं. देवनागरी अक्षर उंचीत तीन मजली असतं. वर मात्रा, मधे शिरोरेघेखालचं अंग, खाली उकार. साडेदहा पिक्सेल या तिघांत वाटले की मधल्या अंगाला पाच-सहा येतात. त्यात ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ काढून दाखवा बघू. माझ्या अनुभवात १६ पिक्सेलच्या खाली मराठी नुसतं ओळखता येतं, वाचता येत नाही. डेअरीत पहाटेचा अंधार, पिवळा बल्ब, आणि पन्नाशीचा माणूस चष्मा घरी ठेवून आलेला. तिथे नावाला २२ ते २४ पिक्सेल द्या, म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास. फॅट आणि लिटरच्या आकड्याला ४० च्या वर.

२४ पिक्सेलची अक्षरं घेतली, ओळीला ३६ पिक्सेल धरले, तर अख्ख्या पडद्यावर आठ ओळी बसतात आणि एका ओळीत पंधराएक अक्षरं. तुमचं सगळं भांडवल एवढंच. नाव मावलं नाही तर कुठून कापायचं हेही ठरवा. मी आडनाव कापतो. अर्ध्या गावाचं आडनाव पाटील असतं, ते दिसलं काय नि न दिसलं काय. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दिसलं की माणूस ओळखतो, आणि त्याचा कोड नंबर मोठ्या अक्षरात डोक्यावर असतोच.

कन्नडचं दुखणं निराळं. तिथे वर शिरोरेघ नाही, पण जोडाक्षराचं दुसरं व्यंजन ओळीच्या खाली लटकतं. ‘सिद्दप्पा’ कन्नडमध्ये लिहा, दोन जोडाक्षरं, दोन्हींचे पाय खाली. चिक्कोडी, हुक्केरी, येळ्ळूर ही नावंही तशीच. म्हणजे मराठीला जागा वर हवी, कन्नडला खाली. आपल्या भागात एकाच यादीत दोन्ही लिप्या येतात, एका घरचं खातं मराठीत, शेजारच्याचं कन्नडमध्ये. प्रत्येक ओळीची उंची त्या त्या नावाप्रमाणे सोडली तर यादी वरखाली नाचते. दोन्हींत जी उंची जास्त ती सगळ्या ओळींना द्या. चाचणीला इंग्रजी नमुना मजकूर मुळीच वापरू नका. ज्ञानेश्वर, संकेश्वर, येळ्ळूर, ‘सऱ्या’मधला अर्धा र, रफारावर अनुस्वार असलेला एखादा शब्द, आणि कन्नडमध्ये सिद्दप्पा, हुक्केरी. एवढं स्वच्छ दिसलं की बाकीचं दिसतंच.

आकड्यांबद्दल एक वेगळी गोष्ट, जी पडद्यापेक्षा मोठा घोटाळा करू शकते. यंत्राची भाषा मराठी ठेवली की अँड्रॉइड आकडे आपोआप देवनागरीत लिहितं. कन्नड ठेवली तर इंग्रजी आकडेच राहतात. तुमच्या कोडमध्ये फॅटचा आकडा मजकुरात बदलताना भाषा सांगितली नसेल, तर मराठी यंत्रावर देवनागरी ‘३.५’ तयार होतं आणि तेच फाइलमध्ये, प्रिंटरकडे, नि पुढे संगणकाकडे जातं. देवनागरी न जाणणारा स्लिप प्रिंटर तिथे प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं छापतो. म्हणून साठवायचा आणि पाठवायचा आकडा नेहमी रूट लोकेल, म्हणजे कुठल्याच भाषेची नसलेली सेटिंग, सांगूनच लिहा. पडद्यावरही मी इंग्रजी आकडेच ठेवतो. मराठीवाल्यालाही कळतात, कन्नडवाल्यालाही कळतात, आणि कमी पिक्सेलमध्ये चांगले उमटतात. स्लिपवर नाव छापायचं असेल तर ते चित्र म्हणून पाठवा. ५८ मिलिमीटरच्या कागदावर छपाईची रुंदी ३८४ ठिपक्यांची असते. गंमत बघा, तुमच्या पडद्यापेक्षा पावतीच रुंद आहे.

राहिला कीबोर्ड. माझं सरळ सांगणं आहे, पडद्यावरचा कीबोर्ड काढूनच टाका. संकलनाच्या वेळी टायपायचं काय असतं? उत्पादकाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग). सगळे आकडे. पडद्याखाली १६ बटणांचं मॅट्रिक्स कीपॅड लावा, लिनक्सच्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आहेच. नुसत्या आकड्यांच्या कीपॅडला अँड्रॉइड पूर्ण कीबोर्ड मानत नाही, म्हणून पडद्यावरचा कीबोर्ड रकान्यासाठी उघडू नये असं तुमच्या कोडमध्येच सांगा. दुधाने ओल्या बोटांना कपॅसिटिव्ह पडदा दाद देत नाही, एका थेंबाला बोट समजून भलतंच बटण दाबतो. रेझिस्टिव्ह पडदा ओल्या हातानेही चालतो, पण त्याचं कॅलिब्रेशन हळूहळू सरकतं. बटणांना दोन्ही रोग नाहीत. नवीन उत्पादकाचं नाव भरायचं काम यंत्रावर ठेवूच नका, ते सेक्रेटरीच्या मोबाइलवरून किंवा संगणकावरून भरून यंत्रात पाठवा.

बटणांनी चालवायचं म्हटल्यावर कुठला रकाना सध्या निवडलेला आहे हे ठळक दिसलं पाहिजे. अँड्रॉइडमध्ये पडद्याला बोट लागलं की निवडलेल्या बटणाची खूण नाहीशी होते आणि बाणाचं बटण दाबलं की परत येते. वापरणाऱ्याला वाटतं पहिला दाब वायाच गेला. त्यामुळे या यंत्रात स्पर्श पूर्ण बंद ठेवणं मला जास्त पटतं. आणि रकान्यांचा क्रम तुम्ही स्वतः ठरवा, अँड्रॉइडवर सोपवला तर ते जवळचं काय दिसतं त्यावरून उडी मारतं.

एका पडद्यावर एकच प्रश्न ठेवा. आधी कोड. तो दाबला की नाव दिसेल, ओके. मग लिटर, ओके. मग फॅट. फॅट मशीनला तार जोडता आली तर तोही हाताने भरायला नको. हाताने भरणार असाल तर दशांशचिन्ह विसरलं तरी चालेल अशी सोय करा. गायीचं दूध ३.५ च्या आसपास, म्हशीचं ६ च्या पुढे. कुणी ३५ दाबलं तर ३.५ धरून समोर मोठ्या अक्षरात दाखवा आणि ओके मागा. शेवटच्या पडद्यावर चारही आकडे नि रक्कम एकत्र. तो पडदा उत्पादकाकडे वळवून दाखवायचा असतो, म्हणून हातभर अंतरावरून वाचता येईल एवढा मोठा.

तुमच्या प्रश्नात शेवटी ओझरतं विचारलंय की यावर प्ले स्टोअर आणि व्हॉट्सअ‍ॅप चालेल का. प्ले स्टोअर अधिकृतपणे हवं तर गूगलची मान्यता लागते. अलीकडच्या नियमांत हातातल्या यंत्राचा पडदा आखूड बाजूला निदान २.२ इंच आणि लांब बाजूला ३.४ इंच लागतो. तुमचा १.७ बाय २.२ इंच आहे. मूळ अँड्रॉइडचा सोर्स खुला आहे, तो वापरायला ही अट आड येत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅप सेक्रेटरीच्या फोनवरच राहू द्या. दिवसाचा हिशेब यंत्रातून ब्लूटूथने फोनवर पाठवला की पुढे तो हवा तिथे पाठवता येतो.

आता बोर्डवर कुठली चिप आहे, पडदा किती तारांनी जोडलाय आणि अँड्रॉइडची आवृत्ती कुठली, हे तिन्ही कळवा. मेनकीजची ओळ तुमच्या इमेजमध्ये चालेल की ओव्हरलेच करावा लागेल, हे त्यावरून सांगता येईल. आणि पडद्याचा जवळून काढलेला एक फोटो टाका, त्यावर येळ्ळूर आणि सिद्दप्पा लिहून.